वॉल्टरच्या मचाणावरची दुसरी खुर्ची

ईडन प्रेरी, मिनेसोटा
२९ सप्टेंबर १९८४

तीर्थरूप बाळकाकांस,

चारुदत्तचा साष्टांग नमस्कार. पद्मजाचाही नमस्कार, आणि विनीताचा (तिला टीव्हीसमोरून उठवून 'आजोबांना नमस्कार सांग' म्हटलं, तेव्हा तिने 'टेल हिम हाय' असं सांगितलं, ते मी योग्य त्या भाषेत पोचवतो आहे). तुमची नवी कवळी बसली का? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की बोलताना ती खाली येते आणि म्हणून गेले दोन महिने तुमचं कोणाशी भांडण झालेलं नाही. कऱ्हाडकरांना बरं वाटलं असेल, पण मला काळजी वाटली. न भांडणारे काका मी पाहिलेले नाहीत. शोभाआत्याचा दमा पावसाळ्यात कसा होता? इकडे आम्ही खुशाल आहोत. थंडी अजून यायची आहे, पण इथले लोक तिच्याबद्दल आतापासूनच हळू आवाजात बोलायला लागलेत.

तर बातमी अशी की, मी येत्या नोव्हेंबरात शिकारीला जाणार आहे. चष्मा पुसून परत वाचू नका, तेच लिहिलंय. पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घेणारा, आणि घरात पाल निघाली की पद्मजाला पुढे करणारा तुमचा हाच तो पुतण्या. कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म काढल्यामुळे तुम्ही आधी आरोप वाचता आणि मग हकिकत, म्हणून आरोप वर लिहिला. आता हकिकत. ती जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा, आणि हे पत्र मोठ्याने वाचू नका (का, ते पुढे कळेल).

इथे सप्टेंबर लागला की माणसं बदलतात. आमच्या कंपनीत एरवी पंपाच्या व्हॉल्व्हपलीकडे कोणी काही बोलत नाही, पण आता जेवणाच्या सुट्टीत नुसती हरणं. कोणी माळ्यावरून बंदूक काढून तेलपाणी करतो, कोणी रविवारी नेम धरायला जातो, कोणी बायकोला न सांगता नवीन बूट घेतो. दुकानात हरणीचं मूत बाटलीत भरून विकायला ठेवतात. ते झाडाझुडपांवर शिंपडलं की नर फसतो आणि जवळ येतो म्हणे. पद्मजाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आपणही गोमूत्र शिंपडतोच की, नावं ठेवू नका. नावं ठेवायचा माझा विचार नव्हताच. दहा वर्षं मी हे सगळं लांबून बघत आलो, आणि शिकारीच्या गप्पा निघाल्या की सॅलडचा डबा उघडून बसत आलो. यंदाही तसाच बसलो असतो, पण मध्ये अण्णांचं श्राद्ध आलं.

इथे थोडं मागे जावं लागेल, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अण्णा गेले तेव्हा शिकागोचा विमानतळ बर्फाने बंद होता, आणि मी अकराव्या दिवशी कऱ्हाडला पोचलो. दहावा तुम्हीच केलात. घाटावर पिंड ठेवल्यावर कावळा काही शिवेना, हे मला तुम्हीच सांगितलंत. लोक म्हणाले, मुलात जीव अडकलाय. मग तुम्ही पुढे होऊन हात जोडलेत आणि सगळ्यांसमक्ष म्हणालात की चारू कायमचा परत येईल, मी आणतो त्याला. तरी कावळा हलला नाही. शेवटी ऊन चढलं, भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, आणि दर्भाचा कावळा करून शिववला. तुम्ही हे मला दोष द्यायला सांगितलं नव्हतंत, तुमचा आवाज मला अजून आठवतो. पण काका, तेव्हापासून मी जेवायला बसलो आणि खिडकीबाहेर कावळा ओरडला की माझा घास अडकतो. अण्णांचं काहीतरी राहिलं, आणि ते मीच, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पद्मजाशीही मी हे धड बोललेलो नाही.

यंदा वर्ष उलटून गेल्यामुळे पहिला पक्ष. तिथी आपण होऊन रविवारी आली, म्हणून रजेचा प्रश्न मिटला (इथे आम्ही गणपतीला शनिवारी बसवतो आणि शनिवारीच उठवतो, पण पितरांना तसं सांगायचा धीर होत नाही). भटजी म्हणून सेंट पॉलचा त्र्यंबक. तो मूळचा वाईचा, त्याला सगळं पाठ आहे, पण पेशाने भूल देणारा डॉक्टर असल्यामुळे रविवारीसुद्धा हॉस्पिटलात अडकतो. त्याने मंत्र कॅसेटवर भरून दिले होते. त्यात मध्येच 'आता जानवं उजवीकडे घे, टेप थांबव, घेतलंस की चालू कर' अशा सूचना, आणि मागे त्याच्या कुकरच्या शिट्ट्या. पद्मजाने शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेल्या उडदाचे वडे केले, खीर केली, आमसुलाची चटणी केली. मी पहाटे परसातल्या नळीच्या थंड पाण्याने, साबण न लावता आंघोळ केली, सोवळं नेसलो, कावळ्याचं पान परसात पिकनिकच्या टेबलावर ठेवलं, आणि दहा हात मागे खुर्चीवर उपाशीपोटी, न बोलता, न हलता बसलो. विनीता दारातून विचारून गेली, 'डॅड, इज आजोबा अ क्रो नाऊ?' मी मानेनेच तिला आत पिटाळलं.

बाहेर सगळे पक्षी आले. निळे आले, लाल आले, एक खार येऊन वड्याचा वास घेऊन गेली. कावळा तेवढा नाही. पाऊस भुरभुरला, मी छत्रीसुद्धा घेतली नाही. आणि हे सगळं कुंपणापलीकडून वॉल्टर बघत होता. वॉल्टर म्हणजे आमचा शेजारी, तुम्ही अण्णांकडून नाव ऐकलं असेल. सत्तरीचा, एकटा, विम्याचा रिटायर झालेला एजंट. चाळीस वर्षं बोलून पोट भरल्यामुळे आता त्याने बोलणं जवळजवळ सोडलंय. त्याने जे पाहिलं ते असं: एक माणूस पहाटे बिनसाबणाची आंघोळ करतो, तेल नाही, सेंट नाही, पोटात अन्न नाही, समोर आमिष मांडतो आणि पावसात तासन्‌तास दगडासारखा बसतो. त्याच्या मते आमच्या गल्लीत याहून चांगला शिकारी आजवर राहायला आलेला नाही. तो हळूच कुंपणाशी आला, मला अंगठा दाखवला, आणि कुजबुजत म्हणाला की सगळं बरोबर चाललंय, फक्त हाक कमी पडते. मग त्याने खिशातून एक लाकडी शिट्टी काढली. इथे कावळ्यांचीही शिकार करतात, आणि ती त्यांना बोलवायची शिट्टी.

त्याने ती फुंकली मात्र, काका, आभाळ काळं झालं. एवढे कावळे मी कृष्णेच्या घाटावरही पाहिले नव्हते. शेजारच्या मेपलच्या फांदीफांदीवर येऊन बसले आणि पानाकडे बघत राहिले. खाली एक उतरेना. मला घाटावरचा तो दिवस, जो मी पाहिलेला नाही, तो समोर दिसायला लागला. मी उठलो, हात जोडले. मराठीत, मोठ्याने, वॉल्टरच्या देखत सांगायला लागलो. अण्णा, विनीताला मराठी वाचायला शिकवतो. हलला नाही कोणी. अण्णा, इथलं नागरिकत्व घेत नाही, कागद फाडून टाकतो. एकाने मान वाकडी केली, पण पंख साफ करायला. मग मी तेच म्हटलं जे तुम्ही म्हणाला होतात. अण्णा, मी कायमचा परत येतो. कावळे ढिम्म. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की मी तिथेच ओल्या गवतात बसलो आणि रडलो.

वॉल्टर कुंपण ओलांडून आत आला. शिकारी रडताना त्याने पाहिला नसावा. मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं, की हे आमिष नाही, हे माझ्या वडिलांचं जेवण आहे, आणि ते जेवत नाहीयेत. त्याने डोक्यावरची टोपी काढली. पानाकडे बघितलं, वडे बघितले, खीर बघितली. मग आपल्या गॅरेजात गेला आणि परत येऊन पानाच्या कडेला, चटणीशेजारी, बोटाएवढी एक काळपट वाळकी पट्टी ठेवली. आम्ही दोघं मागे सरतोय तोच सगळ्यांत मोठा कावळा सरळ खाली आला. आधी ती पट्टी त्याने चोचीने उचलून गिळली, मग वडा, मग खिरीत चोच. मागून बाकीचे. पानावर शीत राहिलं नाही.

ती पट्टी, काका, हरणाच्या वाळवलेल्या मांसाची होती. (म्हणून म्हटलं, मोठ्याने वाचू नका. शोभाआत्या कुठे आहे ते आधी बघा.)

मी वॉल्टरला विचारलं, हे का ठेवलंस. तो म्हणाला, 'ही लाइक्ड दोज.' एवढंच. पुढचं मी त्याच्याकडून तासभर बसून एकेक शब्दाने काढून घेतलं. अण्णा एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते, तेव्हा रोज चार वाजता पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडायचे, ते तुम्हाला लिहितही होते. ते पाय वॉल्टरच्या गॅरेजपर्यंतच मोकळे व्हायचे. तिथे तो शिकारीचं सामान घासत-पुसत असायचा आणि अण्णा उलट्या बादलीवर बसून बोलायचे. हेडमास्तरांना हवा असतो तसा विद्यार्थी त्यांना बासष्ट साली रिटायर झाल्यानंतर पहिल्यांदाच मिळाला असणार, जो ऐकतो आणि शंका विचारत नाही. वॉल्टरला त्यामुळे पानिपत अथपासून इतिपर्यंत माहीत आहे. पट्टी त्याने पहिल्याच दिवशी पुढे केली होती आणि काय आहे तेही सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, चाळीस वर्षं याच्या कातड्यावर बसून मी संध्या केली, आता याची चव बघायला काय हरकत आहे. ते मृगाजिन सध्या तुमच्याकडेच असेल. त्यावर बसताना तुम्हाला यापुढे काय वाटेल ते मला कळवा.

म्हणजे आपल्या घरात कांदा-लसणावरून ज्या माणसाने चातुर्मास गाजवले, ज्याने माझ्या मुंजीत अंड्याचा केक आणला म्हणून तुमच्या मित्राला ओसरीवर जेवायला बसवलं, तो माणूस मिनेसोटात बादलीवर बसून हरण चघळत होता. मला राग यायला हवा होता. पण मी इतका हसलो की वॉल्टरलाही हसू आलं. घरी येऊन पद्मजाला सगळं सांगितलं, आणि विचारलं की पान विटाळलं का, पुन्हा करायचं का. ती म्हणाली, जेवले ना? मग वाढप्याने तोंड उघडू नये. आणि पंख्याखाली बसून तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. पुढच्या शनिवारी वॉल्टर मला गाडीत घालून उत्तरेला त्याच्या रानात घेऊन गेला. तिथे एका ओकच्या झाडावर त्याचं मचाण आहे, हरणांची वाट बघत बसायचं. मचाणावर दोन खुर्च्या. एक त्याची, घासून गुळगुळीत झालेली. दुसरी नवी, पाठ असलेली, हात असलेली. आणि शिडीला दोन्ही बाजूंनी कठडा. शिकाऱ्याच्या मचाणाच्या शिडीला कठडा मी कुठे ऐकला नव्हता. अण्णांनी त्याला शब्द दिला होता की नोव्हेंबरात तुझ्याबरोबर येईन, बंदूक धरणार नाही, नुसता बसून बघेन. पण तिकीट ऑक्टोबरचं होतं, आणि थंडीत त्यांची छाती भरते म्हणून मीच ते पुढे ढकलू दिलं नाही. पुढच्या वर्षी येतो, म्हणून गेले. वॉल्टरने तेवढ्यात कठडा केला. पुढच्या वर्षी ब्लडप्रेशर, आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत तुमची तार. दोन हंगाम तो त्या खुर्चीशेजारी एकटाच बसला. तो म्हणाला, कोणी बसणारं असेल तर बरं, लाकूड बसण्यासाठीच आहे.

मी हो म्हटलं. तिथल्या तिथे.

तेव्हापासून माझी तयारी चालू आहे, आणि ती कशी ते ऐकून तुमची कवळी पडेल. हरणाचं नाक फार तिखट. वॉल्टरने माझ्या कोटाचा वास घेतला आणि सांगितलं की एवढा हिंग असेल तर शेजारच्या राज्यातली हरणंसुद्धा पळून जातील. तेव्हा माझे शिकारीचे कपडे घरात आणायला बंदी आहे. ते त्याच्या गॅरेजात, पाइनच्या फांद्या आणि सुकी पानं भरलेल्या पोत्यात मुरत ठेवले आहेत, लोणच्यासारखे. शेवटचा आठवडा मला फोडणीचं जेवण बंद. पद्मजा म्हणते, लग्नाला तेरा वर्षं झाली, माझ्या फोडणीला आजवर कोणी एवढं मोठं सर्टिफिकेट दिलं नव्हतं. संध्याकाळी मी परसात न हलता बसण्याचा सराव करतो, वॉल्टर कुंपणापलीकडून बघतो आणि मी नाक खाजवलं की जीभ टाळ्याला लावून 'च्च' करतो. लायसन्स मी काढलेलं नाही, बंदूक मी धरणार नाही. तेही अण्णांचंच ठरलेलं आहे, मी त्यात बदल करत नाही.

एक गोष्ट मनात आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही. वॉल्टर मात्र बंदूक धरणार आहे. हरीण आलं तर तो नेम धरील, आणि मी शेजारच्या खुर्चीवर असेन. विनीताने मला उपाय सांगितला, 'जस्ट कॉफ, डॅड.' म्हणजे मी नुसता खोकलो तर हरीण वाचेल. वॉल्टर ते मांस वर्षभर खातो, एक तुकडा वाया घालवत नाही, आणि मी ज्या बुटांत तिथे बसणार ते कातड्याचेच आहेत, हे सगळं मला कळतं. तरी त्या वेळी मी खोकेन की नाही, ते मला आज सांगता येत नाही. अण्णा खोकले असते का, असं मी वॉल्टरला विचारलं. तो म्हणाला, ते बोलायचे थांबले असते तर हरीण आलं असतं ना.

तर काका, अण्णांचं राहिलं होतं ते हे असावं. मी नव्हे. निदान एकटा मीच नव्हे. तुम्ही घाटावर माझ्या वतीने जो शब्द दिलात, तो कावळ्याने घेतला नाही, याचं तुम्हीही मनाला लावून घेतलं असेल, मला माहीत आहे. लावून घेऊ नका. आपण दोघंही त्यांना भलतंच काहीतरी वाढत होतो. मी परत येईन की नाही ते मी आणि पद्मजा ठरवू, आणि ते ठरवताना आता निदान माझा घास अडकणार नाही.

शोभाआत्याला नमस्कार. तुम्ही गुडघ्याला जपा, आणि कवळी बसली की पहिलं भांडण माझ्याशी करा, मी वाट बघतो.

तुमचा,
चारू

ता. क. हे पत्र वाचून झाल्यावर बंबात घाला. आत्याला एवढंच सांगा की श्राद्ध नीट झालं आणि कावळा लगेच शिवला. 'लगेच' हा शब्द तुमच्या पदरचा घाला, शिरस्तेदार होतात, जमेल.

ता. क. दुसरा. पद्मजा विचारते, की अण्णांनी इतर कुठे काय काय खाल्लं याची तुम्हाला कल्पना होती का. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

ता. क. तिसरा. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. अण्णा इथून परत गेल्यावर त्यांनी आत्याकडून भडक भगव्या लोकरीची कानटोपी विणून घेतली होती, आठवतं? कऱ्हाडात एवढी थंडी कुठली, म्हणून सगळे हसले होतात, आणि तुम्ही मला लिहिलं होतं की दादाचा संन्यास घ्यायचा विचार दिसतो, तू जरा विचारून बघ. मी विचारलं नाही. इथे कायदा आहे, शिकारीच्या दिवसांत रानात जाणाऱ्याने लाल नाहीतर भगवंच घालायचं, म्हणजे माणूस हरणापासून वेगळा ओळखू येतो. वॉल्टरने त्यांना सांगून ठेवलं होतं. शेवटच्या थंडीत ती टोपी ते रात्री घालून झोपायचे, असं आत्या म्हणाली होती. ती तिच्या ट्रंकेत असेल. रजिस्टर हवाई टपालाने पाठवा, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आत मिळायला हवी. आत्याने विचारलंच तर सांगा, चारूला थंडी वाजते म्हणून. ते खोटं नाही. टोपी मात्र धुऊ नका, उन्हातसुद्धा घालू नका. वासाचं काय करायचं ते मी आणि वॉल्टर बघू.